सगळ्यांना फुल कंट्रोल: एका सोप्या सल्ल्याचा प्रतिवाद

"एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाका, विषय संपला." नॅसवरची फाइल उघडेनाशी झाली की हा सल्ला हमखास मिळतो, मग ते अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरचं लॉज असो, एखादा फोटो स्टुडिओ असो की कर सल्लागाराचं ऑफिस. सल्ला देणारा पाच मिनिटांत काम उरकतो, पैसे घेतो आणि गाडीला किक मारून निघून जातो. फाइल उघडते, एवढं खरं. त्यापलीकडे त्या सल्ल्यात खरं काही नाही. तरीही तो इतका रुजला आहे की परवानग्या नीट लावा म्हणणारा माणूस उगाच काम वाढवणारा ठरतो. म्हणून हा प्रतिवाद.

नॅस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन-चार हार्ड डिस्क बसवलेला एक डबा राउटरला जोडलेला असतो. काउंटरचा कॉम्प्युटर, हिशेबाचा लॅपटॉप आणि मालकाचा मोबाइल त्याच डब्यातले फोल्डर वापरतात. डब्याच्या आत बहुधा लिनक्स असतं. बाहेरचे कॉम्प्युटर बहुधा विंडोजचे असतात. दोघांची परवानगीची रीत वेगळी, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

फुल कंट्रोलवाल्यांचा पहिला दावा असा, की फाइल उघडली म्हणजे दोष गेला. हा तर्कच लंगडा आहे. बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकात घडलेल्या युनिक्सची मांडणी नॅसच्या पोटात आजही आहे. प्रत्येक फाइलवर मालक, त्याचा गट आणि इतर अशा तिघांचे हक्क लिहिलेले असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, मिळून ७. तिघांनाही सात दिले की झालं ७७७. त्यावर विंडोजच्या धर्तीची बारीक यादी असते, तिला एसीएल म्हणतात. त्याशिवाय शेअर्ड फोल्डरची परवानगी वेगळीच. यांतली जी जास्त कडक, ती चालते. शेअरवर 'फक्त वाचा' असं लावलेलं असेल तर आतल्या फाइलींवर ७७७ मारून काहीही होत नाही. तरी ते मारलं जातंच. मग शेअरवरही एव्हरीवन लागतो. सगळीकडचे निर्बंध काढल्यावर फाइल उघडते, आणि मुळात अडलं कुठं होतं हे कायमचं झाकलं जातं.

आणि हे मागे घेता येत नाही. पूर्वी कुणाला काय दिलं होतं याची आठवण नॅस आपण होऊन ठेवत नाही. काही कंपन्यांच्या नॅसवर आतल्या सगळ्या फोल्डरांना एका फटक्यात ७७७ केलं की एसीएलची यादीच पुसली जाते. नंतर तुम्हाला शहाणपण सुचलं तरी जुनी मांडणी परत मिळत नाही. हजारो फाइलींची परवानगी नव्यानं लावावी लागते. पाच मिनिटांत केलेलं काम निस्तरायला असा अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवसाचे पैसे मालक देतो.

आता दोष खरोखर कुठे असतो ते पाहू. बहुतेक वेळा भानगड हक्कांची नसतेच, ओळखीची असते. काउंटरवरचा मुलगा फोल्डर उघडतो तेव्हा विंडोज आधी त्याच्या लॉगिनचंच नाव गपचूप पुढे करतं. किंवा सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी 'पासवर्ड लक्षात ठेवा' या चौकटीवर खूण केलेली असते, ते जुनं नाव पुढे जातं. नॅसवर गेस्ट, म्हणजे पासवर्डाविना प्रवेश, चालू असेल तर अनोळखी नावाला गेस्ट म्हणून आत घेतलं जातं. मग फोल्डर दिसतो, फाइल वाचता येते, पण सेव्ह होत नाही. मुलगा म्हणतो, माझा पासवर्ड बरोबर आहे. तो खोटं बोलत नाही. त्याचा पासवर्ड कुणी विचारलेलाच नसतो. त्यात विंडोजची आणखी एक खोड आहे. एका कॉम्प्युटरवरून एकाच नॅसला एका वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. प्रयत्न केला की १२१९ क्रमांकाची चूक येते. यावरचा उपाय म्हणजे विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढायची, जोडणी तोडायची आणि पुन्हा लॉगिन करायचं. नॅसच्या परवानग्यांना हात लावायची गरजच नाही. गटात नाव घातलं तरी परवानगी लागू होत नाही म्हणून कपाळावर हात मारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनाही लॉग आउट करून परत या एवढंच सांगावं लागतं.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे नंबर. लिनक्सच्या हिशेबी फाइलीचा मालक नावानं नसतो, आकड्यानं असतो. नवा डबा घेतला, जुन्या डिस्कमधल्या फाइली त्यात आणल्या, युजर नव्यानं तयार केले, आणि क्रम बदलला, तर जो १०२७ क्रमांक पूर्वी हिशेबनिसाचा होता तो आता स्वयंपाकघराच्या सामानाची नोंद करणाऱ्याचा होतो. त्याला पगारपत्रक उघडता येतं आणि हिशेबनिसाला उघडत नाही. जुन्या पद्धतीच्या एनएफएस जोडणीत तर हे रोजचंच आहे, कारण ती नावं पाठवतच नाही, नुसते आकडे पाठवते. इलाज मालकी बदलण्याचा आहे. इथे एव्हरीवन लावला तर ज्याला पगारपत्रक दिसू नये त्याला ते दिसतच राहणार, वर बदलताही येणार.

हलवणं आणि कॉपी करणं यांतला फरकही कुणी सांगत नाही. एकाच शेअरमध्ये ओढून हलवलेली फाइल बहुधा जुन्या जागेच्या परवानग्या सोबत घेऊन येते. कॉपी केलेली नव्या फोल्डरच्या घेते. मालकानं आपल्या खाजगी फोल्डरातून दरपत्रक ओढून सगळ्यांच्या फोल्डरात टाकलं आणि ते कुणालाच उघडेना, तर यात गूढ काही नाही.

काही तक्रारींचा तर परवानगीशी संबंधच नसतो. 'नेटवर्क पाथ नॉट फाउंड' हा संदेश पत्ता सापडत नसल्याचा आहे. एक्सेलची फाइल दुसऱ्याकडे उघडी असेल तर ती कुलूपबंद दिसते; तो माणूस जेवायला गेलेला असतो, बाकी काही नाही. पण एक प्रकार भीतिदायक आहे. डिस्कवरच्या नोंदींत बिघाड झाला की लिनक्स तो भाग पुष्कळदा 'फक्त वाचा' अवस्थेत नेतं, जेणेकरून आणखी नुकसान होऊ नये. लाइट जाते-येते आणि नॅसला यूपीएस नाही, अशा ठिकाणी हे घडायला वेळ लागत नाही. काउंटरवर दिसतं एवढंच, की सेव्ह होत नाही. लगेच निदान होतं: परमिशन. दोन दिवस परवानग्यांशी झटापट चालते, तेवढ्यात मरू घातलेली डिस्क पुरती मरते. ते दोन दिवस बॅकअप घेण्याचे होते. लॉग उघडून पाहिला असता तर एका ओळीत कळलं असतं.

दुसरा दावा भावनेचा आहे, म्हणून जास्त चिवट: "सगळी आपलीच माणसं आहेत, कोण कशाला वाईट करेल?" फर्दापुरात बसून याला उत्तर द्यायचं तर चार किलोमीटरवरच्या अजिंठा लेण्यांचाच दाखला द्यावा लागतो. एप्रिल १८१९मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं दहाव्या लेण्यात आपलं नाव आणि तारीख कोरली. जेम्स बर्ड नावाच्या डॉक्टरानं पुढे भिंतीवरच्या आकृती सोलून न्यायचा प्रयत्न केला. हाती तुकडे आले. हे दोघे उपद्रवी म्हणून सोडून देऊ. पण जॉन ग्रिफिथ्सचं काय करायचं? मुंबईच्या कलाशाळेतला हा शिक्षक १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह इथली चित्रं उतरवून घेत होता. त्याची निष्ठा वादातीत होती. नक्कल करताना रंग स्पष्ट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश लावलं गेलं. ते पिवळं पडलं, काळवंडलं, तडकलं आणि रंग घेऊन सुटू लागलं. ते काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची पुढे कित्येक वर्षं गेली. ग्रिफिथ्सला पाहण्याचा हक्क पुरेसा होता. मूळ चित्राला हात लावण्याचा हक्क त्याला नको होता. आणि ज्या नकलांसाठी हे झालं त्यांतल्या बऱ्याच १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. त्याआधी चित्रकार रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या होत्याच.

एवढ्या जुन्या गोष्टीत शिरायचं कारण असं, की नुकसान बहुधा चोर करत नाहीत. ते मन लावून काम करणारी, घाईतली, भली माणसं करतात. काउंटरवरचा मुलगा 'बुकिंग' नावाचा फोल्डर माउसनं चुकून शेजारच्या फोल्डरात ढकलतो आणि सगळ्या रिसेप्शनवर बोंब होते. त्यानं काही पुसायचं ठरवलेलं नसतं. शिवाय फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट: लिनक्सच्या रीतीत फाइल पुसण्याचा हक्क त्या फाइलीवर अवलंबून नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर अवलंबून असतो. फोल्डरात लिहिता येत असेल तर 'फक्त वाचा' म्हणून जपलेली फाइलही पुसता येते. म्हणून फोल्डरवर एव्हरीवन लावून आतल्या महत्त्वाच्या फाइली तेवढ्या जपल्या, असं समाधान मानणाऱ्यांचं समाधान फुकट आहे.

'आपलीच माणसं' या युक्तिवादाची किंमत कोण मोजतो तेही बघा. सगळे एकाच 'ॲडमिन' नावानं काम करतात. एक दिवस जीएसटीची बिलं गायब होतात. लॉग सांगतो: ॲडमिननं पुसली. म्हणजे कुणी? मालकाच्या भाच्यावर संशय जात नाही, हिशेबनीस वयानं मोठा म्हणून त्याच्यावर जात नाही. तो जातो सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या पोरावर. त्याच्यापाशी आपली बाजू मांडायला काहीच नसतं. प्रत्येकाचं वेगळं नाव आणि नेमके हक्क असते, तर 'तिथे लिहायची मला परवानगीच नव्हती' हे एक वाक्य त्याला पुरलं असतं. परवानग्या लावणं म्हणजे नोकरांवर अविश्वास, असं म्हणणाऱ्यांनी हे उलटून पाहावं. लहान गावात संशय लवकर पसरतो आणि उशिरा निघतो.

तिसरा दावा: "आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" आहे. अजिंठा बघायला जपान, थायलंड, श्रीलंका, कोरियाहून लोक येतात. परदेशी पाहुणा उतरला की सी-फॉर्म म्हणून ओळखली जाणारी माहिती २४ तासांत कळवावी लागते. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचं पान स्कॅन होतं. भारतीय पाहुण्याचं आधार कार्ड येतं. हे सगळं जातं कुठे? 'स्कॅन' नावाच्या फोल्डरात, वर्षानुवर्षं, एव्हरीवन फुल कंट्रोल. पाहुण्यांचा वायफाय आणि ऑफिसचा वायफाय एकच असेल, तर खोलीत बसलेल्या कुठल्याही अनोळखी माणसाला लॅपटॉपवर तो फोल्डर दिसू शकतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीपणासाठी २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. आठ खोल्यांच्या लॉजला तेवढा दंड कुणी करणार नाही, हे मलाही कळतं. पण क्योतोहून आलेल्या आजीच्या पासपोर्टची काळजी घ्यायला दंडाची भीती कशाला हवी?

खंडणीखोर व्हायरसबद्दल थोडं नेमकं बोलायला हवं, कारण दोन्ही बाजू त्याचा वाटेल तसा वापर करतात. एप्रिल २०२१मध्ये क्यूलॉकर नावाच्या अशाच व्हायरसनं क्यूनॅप कंपनीचे असंख्य नॅस गाठले, फाइली सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड लावून कोंडल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितला. तो यंत्राच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून शिरला होता. तिथे फोल्डरच्या परवानग्यांनी काही अडलं नसतं. इंटरनेटवर उघडा ठेवलेला आणि अपडेट न केलेला नॅस हा तिथला दोष. पण लॉजवर किंवा ऑफिसात धोका जास्त येतो तो काउंटरच्या कॉम्प्युटरमधून, 'बुकिंग कन्फर्मेशन' म्हणून आलेल्या ईमेलच्या जोडपत्रातून. तो व्हायरस काउंटरच्या नावानं चालतो. काउंटरला जिथे जिथे लिहिता येतं, ते सगळं तो कोंडतो. जिथे फक्त वाचता येतं, तिथे त्याला लिहिता येत नाही. एव्हरीवन लावलेला असेल तर काउंटरचा एक क्लिक म्हणजे अख्खा नॅस. बॅकअपचा फोल्डरही त्याच नॅसवर आणि तोही उघडा असेल, तर बोलायलाच नको. प्रत्येक माणसाला आणि प्रोग्रामला कामापुरताच हक्क द्यावा हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञ सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५च्या निबंधात मांडलं. त्याला आता पन्नास वर्षं झाली.

उलट्या टोकाचे लोकही आहेत, त्यांनाही सोडता येत नाही. ते सगळंच बंद करतात. एकच पासवर्ड, तो मालकापाशी, आणि मालक जळगावला लग्नाला गेलेला. रात्री साडेदहाला गाडी भरून पाहुणे येतात. पोरगा काय करणार? स्वतःच्या मोबाइलवर पासपोर्टचे फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर हिशेबनिसाला पाठवतो. आता ती माहिती नॅसवर नाही, पण दोन खाजगी फोनांत आहे, आणि पोरगा सीझन संपल्यावर नोकरी सोडून जाणार आहे. जी परवानगी कामाच्या आड येते ती लोक वळसा घालून मोडतात, आणि तो वळसा उघड्या फोल्डरापेक्षा वाईट असतो.

फुल कंट्रोलवाल्यांच्या एका मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारणं अप्रामाणिक होईल. हे सगळं करायला सोपं ठेवलेलं नाही. शेअरची परवानगी एका पडद्यावर, फाइलींची दुसऱ्या, गटांची तिसऱ्या. नकाराची एक नोंद दहा होकारांना खाते, हे कुठेच ठळक लिहिलेलं नसतं. 'ॲक्सेस डिनाइड' म्हणताना कुणाला नाकारलं, कुठे नाकारलं, एवढं तरी यंत्रानं सांगावं. ते सांगत नाही. २०२४च्या विंडोज ११च्या मोठ्या अपडेटनंतर पासवर्डाविना चालणारे कित्येक नॅस एकाएकी दिसेनासे झाले, आणि लोकांना वाटलं मायक्रोसॉफ्टनं मोडलं. प्रत्यक्षात बिननावाची जोडणी नाकारायची असं तिथे ठरलं होतं. ते ठीकच होतं. पण ते ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगायची तसदी कुणी घेतली नाही, आणि मग विंडोजच्या रजिस्ट्रीत आकडे बदलून गेस्ट पुन्हा चालू करणारे तंत्रज्ञ गावोगाव फिरू लागले. त्यांना दोष देताना कंपन्यांना मोकळं सोडता येणार नाही.

तरीही अवघड आहे म्हणून करायचंच नाही, हे पटत नाही. कारण लहान जागेला लागतं ते फार थोडं आहे. तीन गट पुरतात: मालक, हिशेब, काउंटर. हक्क गटाला द्यायचे, माणसाला नाही. सीझनला आलेला मुलगा काउंटरच्या गटात घालायचा, गेला की त्याचं नाव बंद करायचं. बुकिंगच्या फोल्डरात काउंटरला लिहिता यावं, हिशेबाच्या फोल्डरात शिरताच येऊ नये. पासपोर्टचे स्कॅन काम झाल्यावर मालकाच्या फोल्डरात जावेत आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुसले जावेत. ॲडमिन हे नाव रोजच्या कामाला कुणीही, मालकानंसुद्धा, वापरू नये. पाहुण्यांचा वायफाय वेगळा करावा. नॅसमध्ये स्नॅपशॉटची सोय असेल तर ती चालू करावी आणि बॅकअपची एक प्रत त्या डब्याबाहेर, शक्यतो त्या इमारतीबाहेर ठेवावी. आणि पुन्हा कधी फाइल अडली तर परवानगीला हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: नॅसला मी कोण दिसतो आहे, संदेश नेमका कोणता आला आहे, आणि हे एकाच कॉम्प्युटरवर होतंय की सगळ्यांवर. एकाच कॉम्प्युटरवर होत असेल तर बिघाड बहुधा त्या कॉम्प्युटरात आहे, डब्यात नाही.

हे काम करायला वार शोधायची गरज नाही. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि त्या दिवशी काउंटरवर त्यातल्या त्यात गर्दी कमी असते. ज्यानं तुमच्या नॅसवर एव्हरीवनला फुल कंट्रोल लावून दुरुस्तीचे पैसे घेतले, त्याला येत्या सोमवारी परत बोलवा, आधी कुणाला काय दिलं होतं ते विचारा, आणि घेतलेल्या त्याच पैशात काम पुरं करून मागा.